दिवाळखोरी कायदा, बुडीत कर्जं आणि सांवेर रोडची उधारी

पुठ्ठेवाला (धागाकर्ता)

मंडळी, इंदुरात सांवेर रोडवर माझा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. आमचं एक मोठं गिऱ्हाईक मध्यंतरी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, गेलं. नाव लिहीत नाही, लिहून काही मिळायचं नाही. माझे अठरा लाख अडकले.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली हे मला कळलं ते पेपरातल्या जाहीर सूचनेवरून, तीही भाच्याने दाखवली म्हणून. चौदा दिवसांत दावा लावा म्हणे. मग तो फॉर्म बी, त्याला जोडायला बिलं, ई-वे बिलं, त्यांच्या गेटचा शिक्का असलेली चलानं, बँक स्टेटमेंट, खातेउतारा. बायको आणि मी रात्रभर फरशीवर कागद मांडून बसलो होतो. दोन चलानांवर गेटवाल्याने नुसती रेघ ओढलेली, शिक्काच नाही. तेवढी दोन बिलं त्यांनी आधी नामंजूर केली, मग बरीच पत्रापत्री करून मंजूर झाली. वाटलं, चला, निदान दावा तरी पुरा लागला.

पुढे नवीन मालक आला, कंपनी सावरायची योजना पास झाली आणि माझ्या खात्यात रुपयाला दोन पैसे या हिशेबाने छत्तीस हजार आले. त्या बिलांवरचा जीएसटी मी त्याच्या कितीतरी पट आधीच भरून बसलोय. बँकांना मात्र चाळीस टक्क्यांच्या वर मिळाले.

कायदाच वाईट आहे असं मी म्हणत नाही. कारखाना चालू आहे, माणसं कामावर आहेत, नवीन मालक मलाच ऑर्डर देतोय (ॲडव्हान्स जमा झाल्याशिवाय मी गाडी सोडत नाही, ते सोडा). पण कारखाना वाचवायचा खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो, यावर जाणकारांनी लिहावं.

निवृत्त शाखाधिकारी

पुठ्ठेवाले, तुमचं दुःख समजतं. पण २०१६ चा हा दिवाळखोरी कायदा येण्याआधी काय होतं ते तरुण मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून जरा लांबण लावतो.

१९८५ चा आजारी कंपन्यांचा कायदा होता, सिका. त्याखाली १९८७ पासून बीआयएफआर, म्हणजे आजारी कंपन्यांचं मंडळ, बसलं. कंपनीने तिथे नाव नोंदवलं की कलम २२ खाली वसुली ठप्प. मालक वर्षानुवर्षं त्या छत्रीखाली बसायचा, मशिनरी गंजायची आणि आम्ही दर तिमाहीला रिपोर्ट पाठवायचो. मग १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, २००२ मध्ये सरफेसी आला, म्हणजे बँकेला कोर्टाबाहेर तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा. सरफेसीने छोट्या कर्जदाराचं घर झटकन ताब्यात येऊ लागलं, मोठ्यांना फारसा फरक पडला नाही.

खरी घाण २००४ ते २००८ च्या तेजीत साचली. पोलाद, वीज, रस्ते, सगळ्यांना हात सैल सोडून कर्जं दिली. नंतर भाव पडले, परवानग्या अडकल्या, आणि आम्ही (हो, आम्हीच) जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज देऊन खाती ‘स्टँडर्ड’ ठेवली. वरून दट्ट्या असायचा, खालून मालक चहा पाजायचा. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या राजन साहेबांनी मालमत्ता गुणवत्ता तपासणी लावली तेव्हा गालिच्याखालचं सगळं बाहेर आलं. २०१८ च्या मार्चला बँकांचं ढोबळ एनपीए (थकीत कर्जांचं प्रमाण) ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं. २०२५ च्या मार्चला ते २.३ टक्क्यांवर आलं. या उताराचं थोडं तरी श्रेय २०१६ च्या कायद्याला द्यायलाच हवं.

चटोर भिया

काका, हे ११ चं २.३ झालं ते वसूल होऊन झालं की राइट-ऑफ करून? दहा वर्षांत १६ लाख कोटींहून जास्त राइट-ऑफ केल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलंय. आमच्या गाडीचे दोन हप्ते चुकले तर दारात माणूस उभा, आणि यांचं सगळं माफ!

निवृत्त शाखाधिकारी

आकडा बरोबर आहे, १६.३५ लाख कोटी, २०१४-१५ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांचा. पण राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँक शंभर टक्के तरतूद करून खातं आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते, कर्जदाराचं देणं जिथल्या तिथे राहतं. आमच्या शाखेत त्याचं वेगळं रजिस्टर असायचं आणि त्यातली वसुली थेट नफ्यात जायची, म्हणून मार्चमध्ये सगळे त्याच रजिस्टरच्या मागे.

आता त्यातून प्रत्यक्ष किती येतं हे विचाराल तर फार नाही. तुमचा राग जागेवर आहे, शब्द तेवढा चुकीचा आहे.

डेटा भिया

+१ काकांना. लोक हेअरकट (धनकोंना सोडावी लागणारी रक्कम) ऐकलं की बोंब मारतात. दाव्याशी तुलना करता धनकोंना साधारण ३३ टक्के मिळतात, खरंय. पण ती कंपनी मोडीत काढली असती तर जे मिळालं असतं त्याच्या १७० टक्क्यांच्या आसपास मिळतात. बुडालेल्या कंपनीचं मूल्य कायद्याने खाल्लेलं नाही, ते आधीच खाऊन झालेलं होतं. सुरुवातीच्या बऱ्याच केसेस तर बीआयएफआरमधून आलेल्या, म्हणजे आधीच मढं.

व्हिडिओकॉन घ्या. सुमारे ६५ हजार कोटींचे दावे आणि बोली २,९६२ कोटींची. ९५ टक्क्यांहून जास्त हेअरकट. तो घोटाळा २०२१ मध्ये एनसीएलटीत झाला असं लोकांना वाटतं. अरे, पैसे दहा वर्षं आधी गेले होते!

वकीलताई

थोडं कायद्याचं. पुठ्ठेवालेदादा, तुम्ही ‘ऑपरेशनल क्रेडिटर’, म्हणजे व्यवहारातले धनको. बँका ‘फायनान्शियल क्रेडिटर’. धनकोंच्या समितीत मत फक्त बँकांना. व्यवहारातल्या धनकोंची एकत्र थकबाकी एकूण कर्जाच्या दहा टक्क्यांपर्यंत गेली तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीत बसू शकतो, मत देऊ शकत नाही. योजना ६६ टक्के मतांनी पास होते आणि ती सगळ्यांवर बंधनकारक.

तुम्हाला किमान किती द्यायचं याचं उत्तर कलम ३०(२) मध्ये आहे: कंपनी मोडीत निघाली असती तर रांगेत तुमच्या वाट्याला जे आलं असतं, तेवढं. ही रांग कलम ५३ ची. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांचे पगार आणि तारणवाल्या बँका, मग इतर कर्मचारी, बिनतारणी वित्तीय धनको, सरकार, आणि त्यानंतर तुम्ही. तारणवाल्यांचंच पुरत नाही तिथे तुमचं गणित शून्यावर येतं. तुम्हाला दोन पैसे मिळाले ते कायद्याने दिलेले नाहीत, बोली लावणाऱ्याने मनाने दिलेत.

यावर मोठी लढाई होऊन गेली आहे. एस्सार स्टीलमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने जुलै २०१९ मध्ये बँका आणि पुरवठादार दोघांनाही ६०.७ टक्के असं समान वाटप सांगितलं. महिन्याभरात संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते समान वाटप रद्द केलं. वाटणी कशी करायची हे समितीचं ‘व्यावसायिक शहाणपण’, न्यायालय त्यात हात घालणार नाही. पण त्याच एस्सारच्या योजनेत एक कोटीच्या आतल्या छोट्या पुरवठादारांना पूर्ण पैसे देण्याची सोय होती. ४२ हजार कोटींच्या व्यवहारात ती रक्कम खिसगणतीतही नव्हती.

माझं मत विचाराल तर सुधारणा इथे हवी आहे. एका मर्यादेच्या आतले लघुउद्योगांचे दावे पूर्ण फेडल्याशिवाय योजना मंजूरच होऊ नये. बँकांच्या वाट्यात त्याने फार कमी फरक पडेल, आणि सांवेर रोड-पीथमपूरच्या एकेका गल्लीत मात्र जीव येईल.

डेटा भिया

ताई, मग बँका म्हणतील आमचे पैसे ठेवीदारांचे आहेत. पुरवठादाराने उधारी स्वतः दिली, नफा धरून दिली. जोखीम त्याची.

पुठ्ठेवाला

डेटा भिया, नफा धरून म्हणजे किती रे? खोक्याच्या धंद्यात कागदाचा भाव दीड रुपया हलला की महिना कोरडा जातो. बँकेकडे तारण असतं, स्टॉक स्टेटमेंट असतं, वर मालकाची वैयक्तिक हमी असते. माझ्याकडे त्यांच्या परचेसवाल्याचा व्हॉट्सॲपवरचा ‘पेमेंट नेक्स्ट वीक पक्का’ असतो. आणि गंमत ऐका, ज्या मालाला मी खोकी दिली त्यावरच बँकेचा बोजा होता. माझ्या उधारीवर त्यांचं तारण फुगलं.

छावनीकर

इंदुरात बसून हा विषय आणि रुची सोयाचं नाव नाही? शाहरा मंडळी इथलीच. माळव्यात सोयाबीन रुजलं त्यासोबत वाढलेली कंपनी. डिसेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, बँकांचं सुमारे ९,३०० कोटींचं देणं. आधी अदानी विल्मर पुढे होती, ती बाजूला झाली आणि पतंजलीने ४,३५० कोटींना घेतली. बँकांनी निम्म्याहून जास्त सोडलं.

पण मला जे पचत नाही ते पुढचं. त्या खरेदीसाठी पतंजलीने सुमारे ३,२०० कोटींचं कर्ज काढलं, आणि देणाऱ्यांत स्टेट बँक पुढे. म्हणजे ज्यांनी जुनं कर्ज सोडलं त्यांच्यातल्याच काहींनी नव्या मालकाला नवं दिलं. २०२० मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला तो १७ रुपयांच्या आसपास, जूनअखेर १,५०० च्या वर. लोकांच्या हातात जेमतेम एक टक्का शेअर होते, म्हणून ती उडी. आणि आमच्यासारख्या जुन्या भागधारकांना शंभर शेअरला एक या हिशेबाने! आमच्या मंडीत कित्येकांनी ‘आपल्या गावची कंपनी’ म्हणून ते शेअर ठेवले होते.

निवृत्त शाखाधिकारी

छावनीकर, त्यात बेकायदा काही नाही. नवीन मालकाची पत वेगळी, कर्ज वेगळं. २०२२ मध्ये ४,३०० कोटींचा एफपीओ (शेअरची जाहीर विक्री) आणून त्यांनी कर्ज फेडलंही. बँकेच्या दृष्टीने तो चांगला व्यवहार ठरला.

छावनीकर

बेकायदा नाही हेच तर म्हणतोय काका. 🙏

मिलवाल्यांची नात

मी वकील नाही, सीए नाही. आमचे आजोबा खानदेशातून आले आणि हुकुमचंद मिलमध्ये लागले. मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, मोडीत निघाली. पाच हजारांच्या वर कामगार. आपल्या देण्यासाठी ते तीस वर्षं कोर्टात भांडले. दर रविवारी गेटवर बैठक व्हायची. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि आल्यावर एकच वाक्य, ‘पुढची तारीख पडली.’ २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा चेक लिक्विडेटर आणि कामगार संघटनेच्या हाती आला. तोवर कित्येक कामगार गेले होते, आजोबाही. पैसे आजीच्या खात्यात आले, आणि त्यासाठी वारसाचे दाखले काढायला बाबा नगर निगममध्ये खेटे घालत होते.

यंत्रं भंगारात गेली, जमिनीचा भाव मात्र वाढत राहिला, आणि शेवटी पैसे आले ते जमिनीमुळेच. म्हणून कोणी ‘जुनी पद्धत बरी होती’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. नव्या कायद्यातल्या ३३० दिवसांत होत नसेल, पण तीस वर्षं तरी लागू नयेत.

वकीलताई

नातताई, तुमच्या प्रतिसादाला उत्तर नाही. एवढंच सांगते, नव्या कायद्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटी मोडीतल्या मालमत्तेच्या बाहेर ठेवली आहे, ती रांगेत येतच नाही. हा फरक मोठा आहे.

३३० दिवसांचं मात्र कागदावरच. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं सहज जातात. पूर्वी मध्य प्रदेशच्या केसेसना अहमदाबादला पळावं लागायचं, आता इंदुरात पीठ आहे, तेवढी सोय झाली.

बडोदेकर

नमस्कार इंदूरकर. आमच्याकडची डायमंड पॉवर बघा. केबल कंपनी, २०१८ मध्ये २,६५४ कोटींच्या बँक फसवणुकीचा सीबीआयचा गुन्हा, कारखाना बंद. २०२२ मध्ये नव्या मालकाकडे गेली आणि पुन्हा केबल बनू लागली. जुन्या कायद्यात तिथे आज गवत उगवलं असतं. बाकी वाचतोय.

रामबागकर

थोडं अवांतर. कंपनी बुडाली तर एनसीएलटी, बँकच बुडाली तर? आमच्या आईचे पैसे इथल्या एका सहकारी बँकेत अडकले होते, तेव्हा विमा एक लाखाचाच होता.

निवृत्त शाखाधिकारी

बँकांना हा कायदा लागू नाही. त्यासाठी २०१७ मध्ये एफआरडीआय विधेयक आलं होतं. ठेवीदारांच्या पैशातून बँक सावरण्याच्या तरतुदीवर देशभर गहजब झाला आणि २०१८ मध्ये ते मागे घेतलं. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत ते पैसे मिळायची सोय आहे. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

शेव-परमल

मी रोज वाचतो, लिहीत नाही. माझा नमकीनचा धंदा आहे, माझ्या एकट्याच्या नावावर. कंपनी नाही, पार्टनरशिपही नाही. तेलाचे भाव चढले तेव्हा वर्किंग कॅपिटलचं कर्ज थकलं, घर तारण आहे. बँकेची सरफेसीखाली १३(२) ची नोटीस आलीय. तुम्ही सगळे एनसीएलटी, योजना, नवा मालक म्हणताय, तर माझ्यासाठी त्यात काही आहे का? कर्ज फेडायचं नाही असं नाही, पण एवढं एकदम जमणार नाही.

वकीलताई

शेव-परमल दादा, सरळ सांगते. २०१६ च्या कायद्यात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी तिसरा भाग आहे, पण तो लागू केला फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्यासारख्या एकट्या मालकासाठी तो अजून कागदावर आहे. तुम्हाला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो, जिल्हा न्यायालयात. त्यात पाचशे रुपयांच्या कर्जावर अर्ज करता येतो, यावरून तो कुठल्या जमान्याचा आहे ते समजा. मी तुम्हाला त्या वाटेने पाठवणार नाही.

कंपनी असती तर एमएसएमईसाठी (लघु-मध्यम उद्योगांसाठी) २०२१ पासून प्री-पॅक आहे, मालकाला स्वतः योजना घेऊन बँकेसमोर जाता येतं आणि कारखाना त्याच्याच ताब्यात राहतो. मोठ्या कंपन्यांच्या थकबाकीदार मालकांना कलम २९ए खाली बोलीच लावता येत नाही, छोट्या उद्योगांना त्यातून बरीच सूट आहे. पण हे सगळं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा एलएलपी लिहिलेल्यांसाठी. आपल्याकडचे बहुतेक धंदे तुमच्यासारखेच, एकट्याच्या नावावरचे.

चटोर भिया

म्हणजे हजारो कोटी बुडवले तर समिती बसते आणि वीस लाख बुडाले तर घराला कुलूप. वाह भिया वाह.

डेटा भिया

इथे मात्र मी गप्प. तिसरा भाग इतकी वर्षं का अडकवून ठेवलाय याला माझ्याकडे आकडा नाही.

निवृत्त शाखाधिकारी

कारण विचाराल तर अर्जांच्या लोंढ्याची भीती. कर्जवसुली न्यायाधिकरणं आधीच तुंबलेली, त्यांच्याच डोक्यावर हे बसणार होतं. बँकाही आतून खूश आहेत, छोट्या कर्जाला सरफेसी हाताशी असताना त्यांना दुसरं काही नकोच आहे.

पुठ्ठेवाला

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं, प्रवर समितीकडे गेलं, त्यात आमचं काही?

वकीलताई

मांडलेल्या मसुद्यात भर आहे तो वेगावर. थकबाकी सिद्ध झाली की चौदा दिवसांत अर्ज दाखल करून घ्यायचा, ठरावीक वित्तीय संस्थांना न्यायालयाबाहेर प्रक्रिया सुरू करता यावी, एकाच समूहाच्या कंपन्या एकत्र हाताळाव्यात. सगळं चांगलंच आहे. छोट्या पुरवठादाराला आधी द्या, असं बंधन त्यात मला दिसलं नाही.

तोवर स्वतःला सांभाळा. कंपनीविरुद्ध अर्ज करायची किमान थकबाकी मार्च २०२० पासून एक लाखाची एक कोटी झाली, त्यामुळे अठरा लाखांवर एनसीएलटीची धमकी आता चालत नाही. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाने ४५ दिवस उलटले की लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर जावं, तिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण प्रक्रिया सुरू होऊन कलम १४ ची वसुलीवरची स्थगिती लागायच्या आत. एकदा योजना पास झाली की न लावलेला दावा संपला, हे २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालाने पक्कं झालंय. चेक बाउन्सची केस कंपनीवर थांबते, सही करणाऱ्या डायरेक्टरवर चालू राहते. आणि प्रक्रिया चालू असताना दिलेल्या मालाचे पैसे ‘प्रक्रियेचा खर्च’ म्हणून सगळ्यांच्या आधी मिळतात, तेव्हा त्या काळातली ऑर्डर आरपीकडून (प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाकडून) लेखी घ्या.

पुठ्ठेवाला

हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या काळात भीतीने माल बंद केला होता.

शेव-परमल

ताई, माझ्या नोटिशीचं काय करू? बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो झोनल ऑफिसला विचारा.

वकीलताई

१३(२) म्हणजे साठ दिवसांची मुदत, ताबा लगेच जात नाही. त्या साठ दिवसांत लेखी हरकत पाठवा, रजिस्टर पोस्टाने. पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. हरकतीत रडगाणं नको, आकडे द्या: खातं एनपीए कधी झालं, व्याज कुठल्या दराने लावलंय, तुमचे कुठले हप्ते जमा दाखवलेले नाहीत. सोबत एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव वेगळ्या पत्राने, आणि जमलं तर थोडी रक्कम भरून, नुसत्या पत्राकडे झोनलवाले बघत नाहीत. यापलीकडे जाऊन १३(४) खाली ताबा घेतलाच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अपील, तेही जबलपूरला.

नोटीस ज्या पाकिटातून आली ते ठेवलंय का? त्यावरची तारीख कळवा, मग बघू किती दिवस हातात आहेत.

शेव-परमल

पाकीट दुकानातच आहे. दुकान उघडलं की फोटो पाठवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

वकीलताई

करा. कर्जमंजुरीचं पत्र आणि मागच्या तीन वर्षांचं खात्याचं स्टेटमेंटही काढून ठेवा, बँकेकडून शिक्का मारून.